विमान न चालवता आकाश राखायचं! ही नोकरी तुमच्या लेकीला मानवेल का?

गणपतीच्या आधीच्या रविवारी माझ्या वन्सं मुलुंडहून आमच्याकडे वांद्र्याला आल्या. पिशवीत दोन गोष्टी होत्या. एक करंज्यांचा डबा आणि दुसरी एका स्थळाची पत्रिका. मुलगा ठाण्याचा, बँकेत नोकरी, घरचं सगळं बरं. भाची बावीस वर्षांची, यंदाच बी. कॉम. झाली. वन्सं सासूबाईंना फोटो दाखवत होत्या, तेवढ्यात भाची माझ्यामागून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून हळूच म्हणाली, "मामी, मला हवाई दलात फायटर कंट्रोलर व्हायचंय. आईला तू सांग ना."

मी पुऱ्या तळत होते. हातातला झारा तसाच राहिला. "म्हणजे लढाऊ विमान चालवणार तू?"

"नाही गं. विमान चालवणाऱ्याला जमिनीवरून सांगायचं. शत्रू कुठे आहे, किती उंचीवर आहे, कुठे वळायचं ते."

बाहेर जाऊन मी हे जमेल तसं सांगितलं. वन्संचा चेहरा उतरला. सासूबाईंनी मात्र चष्मा पुसत विचारलं, "म्हणजे आपल्या स्टेशनवर ती बाई सांगते ना, विरारला जाणारी गाडी अमुक फलाटावर येतेय म्हणून, तसं का गं?"

सगळे हसले. पण खरं सांगू का, मलाही त्याहून जास्त काही माहीत नव्हतं. मी वन्संना म्हटलं, "तुम्ही हो म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. मला आठ दिवस द्या." मी अर्धवेळ शिक्षिका. मुलांना सांगते, आधी वाचा, मग मत द्या. तेच स्वतः करायचं ठरवलं. माझ्या एका सहशिक्षिकेचे यजमान हवाई दलातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनाही गाठलं. आठ दिवसांत जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते. कारण आज माझ्या स्वयंपाकघरात जो प्रश्न आला, तो उद्या तुमच्याही येईल.

काम नेमकं काय?

विमानतळावरच्या मनोऱ्यात बसणारे हवाई वाहतूक नियंत्रक आपल्याला ऐकून माहीत असतात. आमच्या गच्चीवरून सांताक्रूझकडे उतरणारी विमानं दिसतात. एकामागून एक, ओळीने येतात. ती ओळ राखण्याचं काम त्या नियंत्रकाचं. विमानं एकमेकांपासून सुरक्षित अंतरावर ठेवायची. फायटर कंट्रोलरचं काम याच्या बरोबर उलटं. आपलं विमान अनोळखी विमानाजवळ नेऊन पोचवायचं, तेही योग्य बाजूने, योग्य उंचीवर आणि योग्य क्षणी.

लढाऊ विमानातला वैमानिक एका अरुंद जागेत बसलेला असतो. त्याच्या विमानात स्वतःचं रडार असतं, पण त्याला दिसतं ते मुख्यतः समोरचं. पाठीमागून कोण येतंय, शंभर किलोमीटरवर काय चाललंय, हे त्याला कसं कळणार? जमिनीवरच्या रडारखोलीत बसलेल्या कंट्रोलरच्या पडद्यावर मात्र सगळं चित्र असतं. पडद्यावर हलणाऱ्या प्रत्येक खुणेबद्दल तिला आधी हे ठरवायचं असतं, की हे आपलं की परकं? प्रवासी विमान आहे का? त्याची आगाऊ नोंद आहे का? नोंदलेल्या वाटेनेच चाललंय का? आणि नोंद नसेल, तर लढाऊ विमानाला त्याच्याकडे न्यायचं.

हिशेब किती चटकन करावा लागतो ते बघा. दोन विमानं समोरासमोर येताहेत, प्रत्येकाचा वेग ताशी ९०० किलोमीटर. म्हणजे दोघांमधलं अंतर मिनिटाला ३० किलोमीटरने कमी होतं. वांद्र्यापासून विरारपर्यंतचं अंतर साधारण ४५ किलोमीटर. आपल्या लोकलला त्याला तासभर लागतो. ही दोन विमानं तेवढं अंतर दीड मिनिटात संपवतात. "थांबा हं, जरा बघून सांगते," म्हणायला सवड नाही.

आता सगळेच कंट्रोलर जमिनीवर बसतात असंही नाही. पृथ्वी गोल असल्यामुळे खालून, जमिनीला लागून उडत येणारं विमान जमिनीवरच्या रडारला लांबून दिसतच नाही. म्हणून रडार विमानावर बसवून उंचावर न्यायचं. आपल्या हवाई दलात अशी 'फाल्कन' रडारची विमानं २००९ पासून आहेत आणि आपल्याच शास्त्रज्ञांनी उभं केलेलं 'नेत्र' २०१७ पासून. त्या विमानांतही पडद्यापुढे कंट्रोलर बसलेले असतात.

हे काम बायकांना नवं नाही

रडारखोलीत बाई ही कल्पना आपल्याला नवी वाटते. पण १९४० साली जर्मन विमानं इंग्लंडवर बॉम्ब टाकत होती, तेव्हा तिथल्या हवाई दलाच्या महिला शाखेतल्या मुली कानाला फोन लावून, मोठ्या नकाशाच्या टेबलाभोवती उभ्या असत. लांब काठ्यांनी त्या विमानांच्या खुणा पुढे सरकवत. त्या नकाशाकडे बघून अधिकारी वैमानिकांना कुठे जायचं ते सांगत. काही मुली किनाऱ्यावरच्या रडार ठाण्यांत होत्या. बॉम्ब पडत असतानाही त्यांनी जागा सोडल्या नाहीत.

आपल्याकडचं उदाहरण १९७१ चं. सासूबाई तेव्हा शाळेत होत्या. त्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट होता. खिडक्यांना काळे कागद लावायचे, भोंगा झाला की दिवे बंद. त्या सांगतात, "भोंगा कोण वाजवतं आणि त्याला कसं कळतं, हा प्रश्न तेव्हा आम्हा मुलींना पडला नाही." त्याला कळत होतं, कारण कुठेतरी कुणीतरी रडारपुढे जागं होतं. सीमेवर माणसं दुर्बीण आणि वायरलेस घेऊन आकाशाकडे बघत बसलेली होती.

युद्ध जाहीर व्हायच्या आधीच, २२ नोव्हेंबर १९७१ रोजी बंगालच्या सीमेवर बोयरा इथे लढाई झाली होती. पाकिस्तानची सेबर विमानं आली. डमडमहून आपली चार छोटी नॅट विमानं उडाली. त्यांना नेमक्या जागी नेऊन पोचवणारा जमिनीवरचा कंट्रोलर होता फ्लाइंग ऑफिसर के. बी. बागची. ती लढाई काही मिनिटांत संपली. दोन पाकिस्तानी वैमानिक छत्रीने उतरले आणि पकडले गेले. नॅटच्या वैमानिकांची नावं घरोघर पोचली. बागचींचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं? मीही पहिल्यांदाच वाचलं. या नोकरीचा हा स्वभाव आधीच समजून घ्यायला हवा. काम नीट झालं, तर टाळ्या दुसऱ्याला मिळतात.

आपल्या हवाई दलात डॉक्टर आणि परिचारिका सोडून इतर शाखांत स्त्री अधिकारी यायला लागल्या १९९३ पासून. २०१६ साली तिघी लढाऊ वैमानिक झाल्या. २०२० साली आपल्या नागपूरची अंतरा मेहता त्या वाटेने गेली. आणि फायटर कंट्रोलर म्हणून जिचं नाव देशाला कळलं, ती स्क्वॉड्रन लीडर मिंटी अगरवाल.

एका सकाळच्या दोन गोष्टी

२७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ. आदल्या दिवशी पहाटे बालाकोटवर आपला हल्ला झालेला. त्या सकाळी पाकिस्तानची विमानं मोठ्या संख्येने आपल्या सीमेकडे आली. त्या वेळी पडद्यापुढे मिंटी अगरवाल होत्या. आपल्या विमानांना त्या दिशा देत होत्या. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान मिग-२१ घेऊन उडाले, त्यांनाही त्या मार्ग दाखवत होत्या. मागे वळण्याच्या त्यांच्या सूचना अभिनंदनपर्यंत पोचल्या नाहीत, कारण शत्रूने संदेशात अडथळा आणला होता, असं नंतर वृत्तपत्रांत आलं. पुढचं आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं. अभिनंदन पकडले गेले आणि १ मार्चला वाघा सीमेवरून परत आले. त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनानिमित्त अभिनंदनना वीर चक्र आणि मिंटी अगरवालना युद्ध सेवा पदक जाहीर झालं. हे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

इथवर वाचून माझ्या भाचीचे डोळे चमकले. पण मी तिला म्हटलं, त्याच सकाळची दुसरी गोष्टही वाच.

त्याच दिवशी काश्मीरमध्ये बडगामजवळ आपलं एक एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. हवाई दलाचे सहा जण गेले आणि जमिनीवरचा एक नागरिकही. त्या सहांत आपल्या नाशिकचे स्क्वॉड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. अख्खं नाशिक त्यांना निरोप द्यायला लोटलं होतं. पुढे चौकशी झाली. ते हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडलं, ती आपली मोठी चूक होती, असं हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये जाहीर सांगितलं.

त्या सकाळी कोण कुठे चुकलं, हे ठरवणं तुमचं-माझं काम नाही. पण आपलं की परकं, हे ओळखण्याचा प्रश्न किती भारी आहे, हे यावरून कळतं. आपल्या हातून घरात चूक झाली तर भाजी खारट होते, फार तर दूध नासतं. इथे चूक झाली तर कुणाच्या तरी घरातलं माणूस परत येत नाही. ज्या मुलीला ही नोकरी हवी, तिने पदकाची बातमी वाचावी तशी ही बातमीही वाचावी. वाचून ती गप्प झाली आणि तरीही दुसऱ्या दिवशी तिला ही नोकरी हवीच असली, तर तिचं ऐकायला हरकत नाही.

माझी भाची दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "मामी, मग ते ओळखायचं कसं, ते शिकवतात ना?"

घरच्या घरी एक परीक्षा

सहशिक्षिकेचे यजमान रविवारी चहाला आले. भाचीलाही बोलावलं होतं. ते म्हणाले, "पुस्तकी प्रश्न नकोत. एक खेळ खेळू." हा खेळ तुम्हीही घरी खेळून पाहा. पैसे पडत नाहीत आणि सगळ्यांची करमणूक होते.

बैठकीच्या खोलीत स्टूल, पाट, उशा, बादली, सगळं वेडंवाकडं मांडलं. एकीच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. दुसरीने एका जागी उभं राहून फक्त आवाजाने तिला स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत न्यायचं. हात लावायचा नाही. एका वेळी चारपेक्षा जास्त शब्द बोलायचे नाहीत. टीव्ही मोठ्याने लावलेला, आणि सासूबाईंना मधेमधे बोलायची पूर्ण मुभा!

आधी मी भाचीला नेलं. "अगं तिकडे नको, इकडे! इकडे म्हणजे माझ्या बाजूला! अगं बाई, स्टूल!" झालं, स्टूल आडवं. मी शाळेत चाळीस मुलं सांभाळते, पण इथे पार नापास.

मग भाचीने मला नेलं. "थांब. डावीकडे वळ. दोन पावलं. थांब." आवाज वर नाही, खाली नाही. अर्ध्या वाटेत दाराची घंटा वाजली. आम्ही सगळ्यांनी तिकडे माना वळवल्या. मीही, डोळे बांधलेले असून! ती मात्र म्हणाली, "मामी, थांब. तिथेच राहा." मगच दार उघडायला कुणीतरी गेलं. पुढे एकदा ती चुकली. डावीकडेच्या ऐवजी उजवीकडे म्हणाली आणि माझा पाय बादलीला लागला. ती लगेच बोलली, "चूक. डावीकडे. एक पाऊल."

खेळ संपल्यावर ते गृहस्थ म्हणाले, "ती चुकली नाही म्हणून मी खूश नाही. चुकल्यावर काय केलं ते बघा. 'अय्या, सॉरी, लागलं का गं?' यात तिने वेळ घालवला नाही. आधी दुरुस्ती, माफी मागाहून."

मैत्रिणींनो, मला हे फार पटलं. आपण मुलींना लहानपणापासून उलट शिकवतो. आधी माफी, मग सारवासारव, आणि मूळ चूक तशीच.

कुणाला मानवेल, कुणाला नाही?

वाचलं आणि ऐकलं त्यावरून मी काही प्रश्न काढले आहेत. आपल्या मुलीला, भाचीला, धाकट्या बहिणीला मोकळेपणाने विचारा. विचारताना तिच्या वतीने आपणच उत्तरं देऊ नका, ही विनंती.

१. चार माणसं एकदम बोलत असताना तिला हव्या त्या एकाचंच नीट ऐकू येतं का?

२. सांगायचं ते ती थोडक्यात सांगते का? की बाजारातून आल्यावर भाजीचा भाव सांगायला तिला रिक्षावाल्याच्या भांडणापासून सुरुवात करावी लागते?

३. घाईत तिचा आवाज चढतो का? ऐकणाऱ्या वैमानिकाला शब्दांआधी आवाजातली भीती कळते.

४. तोंडी हिशेब जमतो का? फार मोठं गणित नाही. वेग, अंतर, दिशा, वेळ. पण चटकन.

५. तासन् तास काहीच घडत नसताना ती जागी आणि सावध राहू शकते का? रडारपुढचा बराचसा वेळ असाच जातो. कंटाळणारीचं इथे काम नाही.

६. रात्रपाळी सोसते का? आकाशाला रविवार नसतो, दिवाळीही नसते.

७. वरिष्ठाने सगळ्यांदेखत चूक दाखवली, तर ती तीन दिवस फुगून बसते, की ऐकून घेऊन पुढच्या वेळी सुधारते?

८. खात्री नसेल तेव्हा "मला खात्री नाही" असं स्पष्ट म्हणते का? अंदाजाने ठोकून देणारी मुलगी कितीही हुशार असो, या खुर्चीवर नको.

९. घरापासून दूर, ओळखीचं कुणी नसलेल्या गावी राहील का? रडारची ठाणी वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर नसतात.

१०. आणि शेवटचं. आपण काय काम करतो हे घरी जेवताना न सांगता तिला राहता येईल का? या नोकरीत पुष्कळ गोष्टी बोलायच्या नसतात. आईलाही नाही.

यात धाडसाचा, उंच उडी मारण्याचा प्रश्न मुद्दाम घातलेला नाही. शरीर निरोगी आणि काटक हवंच, प्रशिक्षणात पळावं लागतं, घाम गाळावा लागतो. पण या खुर्चीवरचं खरं बळ कानात, डोक्यात आणि आवाजात असतं. अबोल, शांत, "आमची जरा भिडस्तच आहे" असं आपण जिच्याबद्दल म्हणतो, ती इथे चमकू शकते. आणि सगळ्या स्पर्धा गाजवणारी एखादी इथे महिन्यात कंटाळू शकते. तिला न जमणं म्हणजे ती कमी, असं मुळीच नाही. तिचा रस्ता वेगळा, इतकंच.

वाट कशी आहे?

पदवीनंतरची मुख्य वाट म्हणजे हवाई दलाची एएफकॅट ही परीक्षा. जाहिरात वर्षातून दोनदा येते, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये. जमिनीवरच्या शाखांसाठी वय २० ते २६. फायटर कंट्रोलर आणि हवाई वाहतूक नियंत्रक हे अधिकारी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन शाखेतून घेतले जातात. या शाखेला कोणतीही पदवी चालते, मात्र ६० टक्के गुण हवेत. आमच्या बी. कॉम. भाचीला म्हणूनच धीर आला. पण एक लक्षात ठेवा. या शाखेत निवड झाली की फायटर कंट्रोलरचंच काम मिळेल असं नाही. नेमणूक हवाई दल आपल्या गरजेप्रमाणे ठरवतं. मुलीने हे आधीच मनाशी मान्य केलेलं असावं.

परीक्षा दोन तासांची, १०० प्रश्न, ३०० गुण. सामान्यज्ञान, इंग्रजी, अंकगणित, तर्क. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे अंदाजाने ठोकून देणारीला इथेच चाप बसतो! त्यानंतर निवड मंडळापुढे साधारण पाच दिवस राहून चाचण्या आणि मुलाखत. म्हैसूर, गांधीनगर, डेहराडून, वाराणसी अशा ठिकाणी ही मंडळं आहेत. मग वैद्यकीय तपासणी. मुलींना उंची किमान १५२ सेंटीमीटर लागते. डोळे, रंग ओळखणं, कान हे सगळं तपासतात. म्हणून अर्जाआधीच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. शेवटी निराशा नको. पुढे जवळजवळ वर्षाचं, ५२ आठवड्यांचं प्रशिक्षण. त्याची सुरुवात हैदराबादजवळ दुंडिगलच्या अकादमीत.

मूळ पगार सातव्या वेतन आयोगाप्रमाणे ५६,१०० रुपयांपासून सुरू होतो आणि भत्ते वेगळे. अल्पकालीन सेवा दहा वर्षांची, ती चार वर्षांनी वाढू शकते. म्हणजे पस्तिशी-चाळिशीत पुन्हा नवीन काम शोधायची तयारी ठेवावी लागते. हेही आईवडिलांनी आधी बोलून घ्यावं.

मुलगी अजून शाळेत असेल, तर आणखी एक दार आहे. पुण्याच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी २०२२ पासून मुलींनाही घेते. पहिल्या तुकडीतल्या १७ मुली ३० मे २०२५ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. तिथून हवाई दलात जायचं तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र हवं. दहावीनंतर शाखा निवडताना हे आठवणीत ठेवा. नाशिकला मुलींसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थाही सुरू झाली आहे. छत्रपती संभाजीनगरला मुलांसाठी अशी संस्था १९७७ पासून आहे. ती मुलींसाठी व्हायला पाऊणआयुष्य गेलं म्हणा ना!

आणि मुलीला आकाशाची ओढ असेल, पण गणवेश नको असेल, तर विमानतळ प्राधिकरणाच्या नागरी हवाई वाहतूक नियंत्रकाची नोकरी आहे. तिथे भौतिकशास्त्र आणि गणितासह विज्ञानाची पदवी किंवा अभियांत्रिकी लागते, वय २७ पर्यंत.

आणि लग्न?

आता वन्संचा प्रश्न. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "स्थळाचं काय?"

नियम स्पष्ट आहे. वय २५ च्या आत असेल, तर उमेदवार अविवाहित असावीच लागते. अर्ज केल्यावर लग्न केलं, तर निवड होऊनही प्रशिक्षणाला घेत नाहीत. प्रशिक्षणात असताना केलं, तर बाहेर काढतात आणि सरकारचा झालेला खर्चही भरून द्यावा लागतो. २५ पूर्ण झालेली विवाहिता अर्ज करू शकते, पण प्रशिक्षणाच्या काळात तिला कुटुंबाबरोबर राहता येत नाही.

म्हणजे गंमत बघा. आपल्याकडे मुलीचं लग्न बघायची जी वर्षं, नेमकी तीच या परीक्षेची वर्षं. वीस ते सव्वीस. दोन्ही गाड्या एकाच वेळी फलाटाला लागतात. आणि लग्नाची गाडी चुकली तर पुढची येते, असं कुणी म्हणत नाही. परीक्षेची चुकली तर मात्र "जाऊ दे, नशिबात नव्हतं".

नोकरी लागल्यावर संसार होतच नाही, असंही नाही. अधिकारी स्त्रीला १८० दिवसांची बाळंतपणाची रजा मिळते. माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. त्यांचे यजमानही लेफ्टनंट जनरल होते. दोघांच्या बदल्या, दोघांची नोकरी, आणि संसार. सोपं नसणारच. पण घरात दुसऱ्याने थोडं सरकून जागा द्यायची तयारी असली की निभतं. म्हणूनच मला वाटतं, ही नोकरी मानवेल का, हा प्रश्न मुलीला एकटीला विचारून भागत नाही. तिच्या घरालाही विचारावा लागतो.

वन्संनी ठाण्याच्या मंडळींना दीड वर्ष थांबायचं विचारलं. "आम्हाला यंदाच उरकायचं आहे," असं उत्तर आलं. वन्सं आठवडाभर माझ्याशी जरा तुटकच बोलत होत्या. त्यांचंही चुकलं नाही. चांगलं स्थळ हातचं गेलं की आईचा जीव हळहळतोच. उद्या भाची निवडली गेली नाही तर? हा प्रश्न त्यांनी मला विचारला आणि माझ्यापाशी उत्तर नव्हतं. एवढंच म्हटलं, "वन्सं, तिला सव्वीसपर्यंत सहा-सात वेळा तरी परीक्षेला बसता येईल. आणि नाहीच झालं, तर बी. कॉम. कुठे जात नाही."

त्या रात्री मी माझ्या पदवीची फाइल काढली. बी. ए. च्या प्रमाणपत्रामागे एक पिवळा पडलेला कागद आहे. २०१२ सालचं कात्रण, हवाई दलाच्या याच परीक्षेच्या जाहिरातीचं. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते, आणि त्याच मे महिन्यात माझं लग्न ठरलं होतं. कात्रण कापून ठेवलं आणि कुणाला दाखवलं नाही. मैत्रिणींनो, मला कुणी नाही म्हटलं नव्हतं. वडिलांनी नाही, सासरच्यांनी नाही. मी विचारलंच नव्हतं. माझा संसार सुखाचा आहे, तक्रार नाही. आणि खेळात स्टूल पाडणारी मी निवडली गेले असते, असंही नाही! पण विचारायला हवं होतं, एवढं मात्र आता वाटतं.

भाचीने विचारलं, तेही ओट्याला टेकून, हळूच, माझ्यामार्फत. आपल्या मुली अशाच विचारतात. तेव्हा त्या विचारतील त्या वेळी झारा बाजूला ठेवा आणि आधी पूर्ण ऐकून घ्या. मग तो डोळे बांधायचा खेळ खेळा, हे दहा प्रश्न विचारा, डोळे तपासून आणा. एवढं करून "नाही" असं ठरलं, तर ते नाही खरं.

डिसेंबरची जाहिरात यायची आहे. भाचीने रोज पहाटे वांद्रे किल्ल्यापर्यंत धावायचं म्हणून आमच्याकडेच मुक्काम ठोकला आहे. परवा वन्सं आल्या तेव्हा पिशवीत डबा होता आणि गणिताचं एक पुस्तक. पत्रिका नव्हती. सासूबाईंनी भाचीला जवळ बोलावून सांगितलं, "तिथे मोठ्या पदावर गेलीस, तरी आजीशी बोलताना चारच शब्द बोलायचे, असं नको हं करू!"